नात्याच्या रकान्यातली दुरुस्ती

वैजूमावशी मगदूम खोटं बोलत नसे. खऱ्याला इस्त्री करून देत असे.

मुलगा दोनदा नापास झालेला असला तर ती लिहायची, ‘चिकाटीचा’. मुलीचं तोंड झोपेतही बंद होत नसलं तर ‘बोलकी, घर भरून टाकणारी’. सासू खाष्ट असली तर ‘घरात शिस्त’. मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या मागे, एका अरुंद जिन्याच्या डोक्यावर तिचं वधूवर केंद्र होतं आणि बत्तीस वर्षांत तिनं नऊशे बारा लग्नं जमवली होती. त्यांतली टिकली किती, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "मी गाडीत बसवून देते. पंक्चर कुठं झाली ते ड्रायव्हरला विचारा की."

एव्हाना स्थळं जुळवायला यंत्रं आली होती. आवड, उत्पन्न, घोरणं, सगळं पाहून ती जोड्या लावत. तरी लोक मावशीचा जिना चढत. यंत्रं खरं सांगत, आणि निव्वळ खऱ्यावर आजवर कुणाचं लग्न जमलेलं नव्हतं.

अशा या बाईनं आयुष्यात एकदाच बिनइस्त्रीचं खरं लिहिलं, आणि तेच तिला भोवलं.

चार वर्षांपूर्वी गल्लीत मोफत आरोग्य शिबिर झालं. मावशीनं आपला फॉर्म भरला आणि मुलीचाही भरला. केतकी कामावर होती, आणि दुसऱ्यांचे फॉर्म भरण्यात मावशीचा हात इतका सराईत होता की विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. ‘रक्ताच्या नात्यात कुणाला मेंदूचा किंवा हातापायांच्या हालचालींचा आजार?’ या प्रश्नाशी ती थबकली. तिचे वडील पन्नाशीत वेडेवाकडे हात करत गेले होते. लोक म्हणायचे अंगात येतं. भाऊ श्रीकांत चाळिशीतच तसा झाला. लोक म्हणायचे पितो. बत्तीस वर्षांत तिनं हे एकाही बायोडाट्यात येऊ दिलं नव्हतं, स्वतःच्या तर नाहीच. पण डॉक्टर आणि देव यांच्यापुढं लपवाछपवी करू नये, असं तिची आई सांगायची. तिनं दोघांचंही लिहिलं. खाली संमतीच्या चौकटी होत्या, त्यांत बरोबरच्या खुणा केल्या. मुलीच्याही.

शिबिरवाल्यांनी ते कागद ‘त्रिपर्ण’ नावाच्या कंपनीला विकले.

त्रिपर्ण ही माहितीची दलाल. मावशी माणसांची दलाली करायची. त्रिपर्ण माणसांच्या सावल्यांची करायची. सावली हा त्यांच्याच धंद्यातला शब्द. कुणी काय विकत घेतलं, कुठं चाललं, फोनवर टाईप करताना बोट कुठं अडखळलं, असे कण गोळा करून प्रत्येक माणसाची एक सावली बांधायची आणि विमावाल्यांना, मालकांना, कर्ज देणाऱ्यांना ती विकायची. सावलीत जी जागा कोरी असेल ती नातेवाइकांवरून भरायची. शब्दकोड्यात आडवे शब्द सापडले की उभे आपोआप दिसू लागतात, तसं. केतकीनं रक्ताचा थेंबही कुणाला दिला नव्हता. पण मामाची दवाखान्यातली बिलं होती, मामेभावाच्या टायपिंगमध्ये नुकताच आलेला अडखळा होता, आणि आईच्या सुवाच्य अक्षरातला फॉर्म होता. यंत्रानं तीन धागे एकत्र ओढले आणि आजाराचं नाव लिहिलं: हंटिंग्टन.

हा आजार एका जनुकाचा. त्या जनुकात तीन अक्षरांची एक फिरकी पुन्हा पुन्हा येते. निरोगी माणसात वीस-पंचवीस वेळा. ती चाळीस वेळा किंवा त्याहून जास्त आली की मेंदूतल्या हालचाली सांभाळणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. आधी बोटं नाचतात, मग हातपाय, मग बुद्धी ढळते. आईबापांपैकी एकात दोष असला तर प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं उडतं, छापा किंवा काटा. मावशीच्या वडिलांमध्ये तो होता, म्हणजे मावशीत असण्याची शक्यता अर्धी. केतकीत असण्याची अर्ध्याची अर्धी. सावलीत तेवढंच लिहिलं होतं: पंचवीस टक्के.

जानेवारीत त्रिपर्णचं कुलूप कुणीतरी फोडलं आणि अकरा लाख लोकांच्या सावल्या रस्त्यावर आल्या. नाव टाकलं की कुणालाही दिसायच्या. पंचवीस टक्के म्हणजे चार आण्यांची शंका. पण शंकेच्या बाजारात लोक नेहमी सोळा आणे धरतात.

जयसिंगपूरच्या बिरनाळ्यांनी तेच धरलं. त्यांच्या अनुजशी केतकीचं ठरलेलं होतं, आणि मावशीनं जमवलेलं नव्हतं. दोघांनी आपलं आपण जमवलं होतं. अनुजच्या आईचा फोन आला.

"वैजूताई, आमचं काही म्हणणं नाही बघा. पण ह्यांचं बीपी वाढलंय."

"कशानं ओ?"

"आता तुम्हाला काय सांगायचं. तुम्ही तर धंद्यातल्या."

धंद्यातली असल्यामुळेच मावशीनं पुढं विचारलं नाही. ‘ह्यांचं बीपी’ याचा अर्थ तिनंच लोकांना शिकवला होता.

केतकीनं ते गिळलं. अठ्ठावीस वर्षांची, सडपातळ, कमी बोलणारी पोरगी. "गेला तर गेला. बीपीचं खानदान आपल्याला नकोच," एवढंच म्हणाली आणि दोन दिवस तिच्या डोळ्यांचे काठ लाल राहिले. तिसऱ्या दिवशी रुग्णालयाचं पत्र आलं, तेव्हा मात्र ती जमिनीवर बसली ती उठेचना.

केतकी शस्त्रक्रियेच्या यंत्रावर होती. सर्जन पुण्यात बसून यंत्राचे पोलादी हात चालवायचा. पण मध्येच शीर फुटली, संपर्क तुटला, तर क्षणात सूत्रं आपल्या हाती घेईल असं माणूस पेशंटच्या शेजारी लागतं. ते काम तिचं. नोव्हेंबरमध्ये एका सात वर्षांच्या मुलीचं काळीज तिनं चार मिनिटं आपल्या बोटांवर तोलून धरलं होतं. पत्रात लिहिलं होतं की सावलीतली नोंद एकवीस दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर तिला कायमचं नोंदणी कक्षात बसवण्यात येईल. तिच्या हातांविषयी एक शब्द वाईट नव्हता. नुसता भरवसा काढून घेतला होता.

"आई, माझ्याकडं दुसरं काहीच नाही गं," ती म्हणाली. "हे हात आहेत तेवढेच."

त्या वाक्याशी मावशीनं मनात हिशेब बंद केला. फॉर्म आपण भरला, फेडायचं आपण.

वकील रुख्साना मुजावर यांचं लग्न मावशीच्याच केंद्रातून जमलं होतं आणि ते टिकलंही होतं, त्यामुळे त्या फी घेत नसत, चहा पाजत. केतकीला शेजारी बसवून त्यांनी कायदा बोटांवर मोजला.

"कंपनीनं स्वतःहून देऊ केलंय ते घ्यायचं, तर थोडी रक्कम आणि दोन वर्षं तुमच्या खात्यांवर पहारा. पण सही केली की पुढं तोंड उघडायचं नाही. नाहीतर अकरा लाखांबरोबर सामूहिक दाव्यात नाव घाला. निकाल लागेल तेव्हा केतकी चाळिशीत असेल. एकटीनं नुकसानभरपाई मागायची, तर नुकसान सिद्ध करावं लागेल, आणि खटला चालेपर्यंत ही सावलीच पुरावा. म्हणजे ती पुसता येणार नाही, आहे तशी गोठवून ठेवणार."

"आणि पुसूनच टाका म्हटलं तर?" केतकीनं विचारलं.

"पुसतील. तो हक्क आहे. पण तुझी पुसली तरी आईची सावली आहे, मामाची आहे. महिन्याभरात तुझी परत उगवते. गवतासारखी."

"मग राहिलं काय?" मावशी म्हणाली.

"दुरुस्ती. नोंद चुकीची आहे असं दाखवलं, तर न्यायाधिकरण आठवड्यात आदेश देतं. मग सावली ज्याच्या-ज्याच्याकडं गेली त्यानं नवीच नोंद धरायची. जुनी वापरली तर गुन्हा. पण त्याला नोंद चुकीची असावी लागते, मावशी."

"रक्त तपासलं तर?"

"मला नाही तपासायचं," केतकी ताडकन म्हणाली. "काय निघायचं ते निघू दे. चाळिशीतलं मरण मला आत्ता वाचायचं नाही."

"सक्ती कुणीच करू शकत नाही. कायद्यानं बंदी आहे," वकीलबाई म्हणाल्या. मग सहज म्हणून पुढं बोलल्या, "इचलकरंजीचा एक मुलगा सुटला परवा. त्याच्या सावलीत बापाचा आजार लागला होता. निघाला दत्तक. नात्याचा धागाच कापला, विषय संपला."

मावशीनं चहाची बशी खाली ठेवली. तेव्हा तिच्या मनात ते नव्हतं. तेव्हा तिच्या मनात सरळ रस्ता होता: केतकीचं नको, आपलं रक्त तपासायचं. आपल्यात दोष नसला, तर पोरीत येणार कुठून? पंचवीसचे शून्य होतील. अठ्ठावन्न वर्षांची झाले, बोटं जागेवर आहेत. मग भ्यायचं कशाला?

कुणाला न सांगता ती कोल्हापूरला जाऊन रक्त देऊन आली. आठ दिवसांनी एका तरुण डॉक्टरनं तिला समोर बसवलं आणि पाण्याचा ग्लास आधीच पुढं सरकवला. स्थळाकडून नकार आणणारे लोकही असंच करतात, पाणी आधी.

"एकेचाळीस," तो म्हणाला. "चाळीस किंवा वर म्हणजे आजार येणारच. पण तुमच्या आकड्याला तो बहुतेक उशिरा येतो. साठीच्या आसपास."

"म्हणजे दारातच उभा आहे म्हणायचा."

डॉक्टरनं अहवाल पाकिटात घातला.

"आणि माझ्या मुलीचं?"

"आता निम्मं. तिनं तपासलं तरच कळेल."

मावशी एसटीत बसली आणि शिरोळपर्यंत आकडेच घोळवत राहिली. पंचवीसचे शून्य करायला निघाले होते, पन्नास करून आणले. हा कागद दाखल करणं म्हणजे पोरीच्या हातांवर आपणच शिक्का मारणं. न दाखवावा, तर पंचवीस आहेतच. खरं दोन्हीकडून केतकीच्या विरुद्ध साक्ष देत होतं. खिडकीच्या दांड्यावर तिचा उजवा हात होता. तिनं करंगळीकडं टक लावून पाहिलं. करंगळी स्थिर होती. मग एसटी खड्ड्यातून गेली आणि सगळ्यांचीच बोटं हलली.

जयसिंगपूर मागं पडलं तेव्हा तिला इचलकरंजीचा मुलगा आठवला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच वकीलबाईंकडं गेली आणि दत्तक म्हणून सांगितलं. कागद नाहीत, अठ्ठावीस वर्षांमागची गोष्ट, आई बाळंतपणात गेली, तिच्यामागं कुणी नव्हतं, प्रसूतिगृहातच आपलं नाव लावून घेतलं, ते प्रसूतिगृह आता बंद पडलं.

वकीलबाईंनी पेनला टोपण लावलं.

"मावशी, केतकीची हनुवटी अगदी तुमची आहे."

"माणूस ज्याच्या ताटात जेवतो त्याच्यासारखा दिसायला लागतो."

"कागद नसले तर प्रतिज्ञापत्र चालतं. पण खोट्या प्रतिज्ञापत्राला तीन वर्षं कैद आहे."

"तीन वर्षांत माझं…" मावशी म्हणाली आणि थांबली. "असू देत की."

"मी काही विचारत नाही. नुसतं समजा म्हणते. समजा, उद्या तिचं लग्न झालं, मूल व्हायचं ठरलं. तेव्हा तिला काही कळायला नको?"

"तेव्हा सांगेन."

"तेव्हा तुम्हाला सांगता येईल?"

श्रीकांतच्या शेवटच्या वर्षी त्याला बहिणीचं नाव घ्यायला सकाळभर लागायचं. मावशीला ते आठवलं. आपण करतोय ते पाप आहे, हेही तिला लख्ख दिसलं. तिनं ते उचललं आणि बाजूला ठेवलं. समोर एकवीसातले सात दिवस उरले होते.

"तुम्ही टाईप करा, वकीलबाई."

केतकीला सांगायचं काम त्याहून अवघड. भर दुपारी दोघी हरभऱ्याची डहाळी सोलत बसल्या होत्या.

"केतके, तू माझ्या पोटची नाहीस."

केतकी हसली. "हे आता कुठल्या स्थळासाठी?"

मावशी हसली नाही. तिनं नाव सांगितलं, मंदाकिनी. निपाणीकडची, नवरा सैन्यात, तो आधी गेला, मग बाळंतपणात ती. बोलताना तिनं एकही घाटा सोलायचा थांबवला नाही. हात थांबले असते तर पोरीला शंका आली असती.

केतकीचा चेहरा आधी कोरा झाला. मग त्याच्यावर हळूहळू उजेड चढला. "म्हणजे मला ते नाहीच!" ती म्हणाली, आणि खरोखर हसली, महिन्याभरात पहिल्यांदा. हसू ओठांवर असतानाच तिला आपण कशाला हसतोय ते समजलं, आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मावशीनं ते हसू पाहून घेतलं. यासाठीच तर सगळं होतं.

"आणि बाबा?" केतकीनं विचारलं. ती सहा वर्षांची असताना वडील अपघातात गेले होते.

हे मावशीनं धरलंच नव्हतं. बायोडाटा लिहिताना तिच्या हातून एवढी मोठी जागा कधी सुटली नव्हती. "त्यांनीच तुला उचलून घरी आणलं," ती म्हणाली, आणि नवराही देऊन टाकला.

"इतकी वर्षं बोलली नाहीस. आता कामाला आलं म्हणून बोललीस." केतकी उठली. "मी पण तुझ्याकडचं एक स्थळच होते की."

सांगलीच्या न्यायाधिकरणात माणूस नव्हता, पडदा होता. पडद्यावर मुंबईहून सदस्या बोलत. पन्नाशीच्या, थकलेल्या. त्या दिवसाचं त्यांचं हे एकोणचाळिसावं प्रकरण होतं.

"वैजयंता मगदूम, हे प्रतिज्ञापत्र तुम्ही राजीखुशीनं केलं?"

"हो."

"अर्जदार केतकी यांना तुम्ही जन्म दिलेला नाही?"

मावशीनं आयुष्यभर अशा जागी एखादा मऊ शब्द घातला होता. तसं म्हटलं तर, एका अर्थी, देवाच्या कृपेनं. इथं तसल्या शब्दाला जागा नव्हती. पडद्यावर दोनच चौकटी होत्या.

"नाही," ती म्हणाली.

"केतकी, तुम्हाला हे मान्य आहे? या तुमच्या कोण?"

"आई," केतकी म्हणाली, आणि घाईघाईनं सावरलं. "म्हणजे, यांनी मला वाढवलं. मान्य आहे."

पडद्यावर केतकीची सावली उघडली. एका जाळ्यात माणसांचे ठिपके होते, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा होत्या. सदस्यांनी कुठलीशी कळ दाबली. वैजयंता आणि केतकी यांच्यामधली रेघ आधी फिकी झाली, मग गेली. ठिपके दोन्ही तिथंच राहिले, बोटभर अंतरावर. केतकीच्या ठिपक्याजवळच्या पंचवीसच्या जागी अक्षरं आली: ‘माहिती उपलब्ध नाही.’

"पुढचं प्रकरण," सदस्या म्हणाल्या.

रुग्णालयाचं पत्र दोन दिवसांत आलं. सोमवारपासून केतकी पुन्हा यंत्रावर. अनुजच्या आईचाही फोन आला, ह्यांचं बीपी आता ताळ्यावर आहे म्हणून. तो केतकीनं घेतला आणि न बोलताच ठेवून दिला. घरात ती आईशी नीट वागत होती. फार नीट. ताट वाढल्यावर ‘थँक्यू’ म्हणाली एकदा. मावशीला ते कानफटात बसल्यासारखं लागलं.

रविवारी सकाळी केतकी केंद्रात येऊन गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली. मावशी टेबलाच्या या बाजूला होती.

"ती मंदाकिनी कशी होती?"

मावशीनं ताबडतोब सुरुवात केली. असल्या प्रश्नाला थांबायचं नसतं. "उंच. पाच-चार तरी असेल. सावळी, पण तरतरीत. त्यांच्या घराण्यात बायका नव्वदीपर्यंत जगायच्या. हातपाय शेवटपर्यंत धड."

"स्वभाव?"

"शांत. खोटं अजिबात खपायचं नाही तिला. कुणाला गोड वाटावं म्हणून एक शब्द वावगा बोलली नाही कधी."

बोलता बोलता ती बाई खोलीत उभी राहू लागली. स्वच्छ, निरोगी, सरळ. इतकं बिनखोट स्थळ मावशीनं बत्तीस वर्षांत मांडलं नव्हतं, आणि तिला त्या नसलेल्या बाईचा मत्सर वाटला. केतकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्या बाईसाठी होतं.

"तिनं मला पाहिलं का गं? जायच्या आधी?"

नाही म्हणता आलं असतं. सोपं होतं. पण पोरीनं मान वर करून असं पाहिलं की मावशीच्यानं रिकाम्या हातानं तिला पाठववलं नाही. देण्यासारखं तिच्याजवळ एकच उरलं होतं.

"पाहिलं की. सकाळचे पावणेआठ झाले होते. तुला तिच्या छातीवर ठेवलं. तू रडत नव्हतीस, नुसती टकामका बघत होतीस. आणि तुझी मूठ तिच्या मंगळसूत्रात अडकली. नर्स सोडवायला लागली, तर ती म्हणाली, राहू दे, धरू दे तिला. तास-दीड तास तशीच धरून होतीस. एवढीशी मूठ, पण काय ताकद होती गं…"

विधवा मंदाकिनीच्या गळ्यात आपण मंगळसूत्र घातलं, हे मावशीच्या ध्यानातही आलं नाही. केतकी टेबलावरून पुढं झुकली होती. एकही शब्द सांडू नये म्हणून श्वाससुद्धा घेत नव्हती.

"आणि तेव्हा तू कुठं होतीस?" तिनं विचारलं.

"मी?" वैजूमावशी म्हणाली. "मी बाहेर बाकावर बसले होते."